बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षं



चालकांनी मला विषय दिला तो ‘ख्रिस्ती जीवनातील आत्मिक समाधान’. विषय चांगला आहे आणि तितकाच निसरडाही आहे. समाधानावर कोणीही तासभर बोलू शकतो. ऐकणारे माना डोलावतात, शेवटचं गीत होतं, चहा होतो आणि जो तो जसा आला तसा घरी जातो. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना असली भाषणं मानवत नसत. संडे स्कूलच्या पोरांनाही ते अडवायचे, ‘हे कुणाच्या बाबतीत घडलं ते सांग, मग पुढे बोल.’ तेव्हा मी आज मुख्यतः एकाच व्यक्तीबद्दल बोलणार आहे, आणि तेही तिच्या आयुष्यातल्या आठ वर्षांबद्दल.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज या गावी झाला. त्यानंतर चोवीस वर्षांनी, १९०७ साली, त्यांनी आपल्या विश्वासाची हकीकत इंग्रजीत लिहिली. मराठी वाचक ती ‘माझी साक्ष’ या नावानं ओळखतात. पुस्तक लहान आहे. त्यात रमाबाई एक गोष्ट कसलाही आडपडदा न ठेवता सांगतात. बाप्तिस्मा घेऊन आठेक वर्षं झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपल्या हाती ख्रिस्ती धर्म आला आहे, तो आपल्याला पटलेलाही आहे, पण ज्याच्यामुळे तो धर्म जिवंत आहे तो ख्रिस्त आपल्याला अजून भेटलेला नाही.

हे कोण सांगतंय याचा जरा विचार करा. त्या आठ वर्षांत रमाबाईंनी काय केलं होतं? चेल्टनमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकल्या आणि तिथेच संस्कृत शिकवलं. १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींना डॉक्टरची पदवी मिळाली त्या समारंभाला फिलाडेल्फियात हजर राहिल्या. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं आणि अमेरिकेत गाजलं. तिथल्या लोकांनी त्यांच्या कामासाठी रमाबाई असोसिएशन काढली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. एवढं काम एखाद्या पाळकाच्या हातून झालं असतं तर आपण त्याच्या नावाचा दगड चर्चच्या भिंतीत बसवला असता. आणि या बाई म्हणतात, त्या सगळ्या काळात मुख्य गोष्टच माझ्यापाशी नव्हती.

आपल्या मंडळीत कुणी असं म्हणालं तर आपण काय करतो? लगेच डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतो, आणि घरी जाताना एकमेकांना विचारतो, ‘हिचं काही बिनसलंय का?’

रमाबाईंचं काय राहिलं होतं ते समजायचं तर त्या आल्या कुठून ते पाहायला हवं. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून भाऊबंदांचा रोष ओढवून घेतला, गंगामूळच्या रानात जाऊन राहिले, आणि तिथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाई जन्मल्या. पुढे पैसा संपला. कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत पायी हिंडलं. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात हे लोक अन्नाला मोताद झाले. रमाबाईंनी सांगितलेला तो भाग मन घट्ट करूनच वाचावा लागतो. घरात होतं नव्हतं ते किडुकमिडुक गेलं. देवांना आळवून झालं, उपासतापास, दानधर्म, अनुष्ठानं सगळं शास्त्रात सांगितल्याप्रमाणे करून झालं. अखेर वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. थोरल्या भावानं, श्रीनिवासनं, मोलमजुरी करीन म्हणून सांगितलं तेव्हा तो बेत टळला. पण काही दिवसांत वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. जाण्यापूर्वी दृष्टी गेलेल्या वडिलांनी या धाकट्या मुलीला जवळ घेतलं, देवाच्या हवाली केलं आणि त्याचीच सेवा करीत राहा असं बजावलं.

भाऊबहीण पुढे उत्तरेला चालत राहिले. पंजाबात झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नव्हतं म्हणून जमिनीत खड्डे करून, अंगावर कोरडी वाळू ओढून ते झोपले. म्हणजे धर्मावर श्रद्धा नव्हती म्हणून धर्म सोडला, असं या बाईबद्दल कुणाला म्हणता येणार नाही. सांगितलेलं सगळं तिनं केलं होतं. मला वाटतं, पुढच्या साऱ्या गोष्टीचं मूळ इथे आहे. जेवढं करावं तेवढं देवाला कमीच पडतं, ही धास्ती त्या पोरक्या मुलीच्या मनात त्या दुष्काळात बसली. ती धास्ती बाप्तिस्म्याच्या पाण्यानं एका दिवसात धुऊन निघेल, अशी अपेक्षा आपण का करावी?

१८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या पंडितांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. तिथेच त्यांनी ख्रिस्ती लोकांची सभा पहिल्यांदा पाहिली, आणि तिचं वर्णन फार मजेदार केलं आहे. लोक गुडघे टेकून, डोळे मिटून समोरच्या खुर्च्यांना नमस्कार करताहेत असं त्या बहीणभावंडांना वाटलं. या लोकांचा देव म्हणजे खुर्ची की काय! तिथे कुणी तरी त्यांना संस्कृत बायबल दिलं. त्याचं संस्कृत त्यांना रुचलं नाही, वाचणं म्हणजे वेळ दवडणं वाटलं. पण ते पुस्तक त्यांनी टाकून दिलं नाही. केशवचंद्र सेनांनी त्यांच्या हाती वेद दिला आणि वाचा म्हणून आग्रह केला. बाईनं वेद वाचू नये असं ऐकत वाढलेल्या मुलीला हा केवढा धक्का असेल! भाऊ १८८० मध्ये वारला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी जात मोडून लग्न केलं. सिल्चरच्या घरात पुस्तकं चाळताना लूकचं शुभवर्तमान बंगालीत सापडलं, अ‍ॅलन नावाचे बॅप्टिस्ट मिशनरी घरी येऊन उत्पत्तीचा अध्याय समजावून देऊ लागले. नवऱ्याला ते पसंत नव्हतं. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीनं नवरा गेला. मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती.

हे मी भरभर सांगितलं, कारण ही हकीकत तुम्हाला ठाऊक आहे. पण इंग्लंडमध्ये त्यांना ख्रिस्ताकडे ओढलं ते कशानं, इकडे आपलं लक्ष फारसं जात नाही. पुण्याच्या पंच हौद मिशनमधल्या भगिनींच्या ओळखीनं त्या वाँटेजच्या मठात उतरल्या होत्या. तिथल्या भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागात नेलं. समाजानं वाया गेलेल्या म्हणून टाकलेल्या बायकांसाठी तिथे एक घर चालवलं जात होतं. त्या बायका आता दुसऱ्यांची सेवा करीत होत्या. असल्या बायकांशी कुणी ममतेनं वागतं हे रमाबाईंनी जन्मात प्रथमच पाहिलं. त्यांनी विचारलं, तुम्ही या बायकांची इतकी काळजी का घेता? तेव्हा एका भगिनीनं त्यांना ख्रिस्त आणि शोमरोनी स्त्री यांची गोष्ट सांगितली. योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय रमाबाईंनी मग वाचला. विहिरीवर पाणी भरायला आलेली, पाच नवरे झालेली, परक्या जातीची बाई. तिच्याशी देवाबद्दल बोलणारा हा पुरुष त्यांना पटला.

पटला, हाच शब्द बरोबर आहे. बुद्धीला पटला, न्यायबुद्धीलाही पटला. इथे बाईला आणि पुरुषाला, ब्राह्मणाला आणि शूद्राला एकच दार आहे, हे त्यांना दिसलं. जोडीला नेहेम्या गोरे यांच्या लिखाणानं बौद्धिक शंकांचा गुंता बराच सोडवला. गोरे हे पूर्वाश्रमीचे नीळकंठशास्त्री. तेही पंडित, तेही वाद घालत घालत आलेले.

बाप्तिस्म्याच्या या प्रसंगावर एक काळी सावली आहे, आणि ख्रिस्ती वक्ते ती बहुधा वगळतात. रमाबाईंबरोबर इंग्लंडला आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण गेली होती. तिनं वाँटेजलाच १८८३ मध्ये आत्महत्या केली. आपल्याला बळजबरीनं बाटवतील या भीतीनं तिचं मन ढळलं होतं, असं तेव्हापासून म्हटलं जातं. त्यानंतर थोड्याच काळात रमाबाईंनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. एकाच घरातल्या, एकाच देशातून आलेल्या दोन बायका. एकीला जिथे मोकळीक दिसली, तिथे दुसरीला मृत्यू दिसला. विश्वासाच्या गोष्टी सांगताना ही आनंदीबाई आपण विसरता कामा नये. जिथे भीती आहे तिथे विश्वासाची भाषा बोलूच नये, एवढं तरी तिनं आपल्याला शिकवलेलं असावं.

आता ती आठ वर्षं. बाप्तिस्मा झाला आणि भांडण सुरू झालं. वाँटेजच्या ज्या भगिनी जेराल्डीननी रमाबाईंना ममतेनं सांभाळलं, त्यांच्याशीच पत्रांमधून वर्षानुवर्षं वाद चालला. ती पत्रं छापून निघाली आहेत. विषय काय? ख्रिस्ताचं देवत्व आणि त्रैक्य, चर्चनं जे सांगितलं ते सगळं मानायचं की शास्त्रात स्वतः वाचून जे पटेल ते मानायचं, हे मोठे विषय आहेतच. शिवाय लहान वाटणारेही आहेत. गळ्यातल्या क्रुसावरची अक्षरं लॅटिनमध्ये का, संस्कृतात का नकोत? रमाबाई ख्रिस्ती झाल्यावरही शाकाहारी राहिल्या, त्याचं काय? त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना संस्कृत शिकवावं असा विषय निघाला, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात याचा बोभाटा होईल म्हणे. चेल्टनमच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील रमाबाईंच्या बाजूनं उभ्या राहिल्या. रमाबाईंनी ठणकावून कळवलं की मोठ्या कष्टानं मी आमच्याकडच्या पुरोहितांच्या जोखडातून मान सोडवून घेतली आहे, तेव्हा आता तसलंच दुसरं जोखड मानेवर घेण्याची माझी मुळीच तयारी नाही.

जेराल्डीनबाईंना यात गर्व दिसला, नव्या विश्वासूला न शोभणारा. त्यांच्या जागेवरून त्यांचंही चूक म्हणता येत नाही. आपलं लेकरू वाट चुकतंय असं वाटलं की आई रागावतेच. पण मी ती पत्रं वाचतो तेव्हा मला गर्वापेक्षा दुसरंच काही दिसतं. या बाईला जे पटलं नव्हतं, ते पटल्यासारखं दाखवायची तिची तयारी नव्हती. ती त्यांच्या घरात राहत होती, त्यांच्या पैशानं शिकत होती, पदरी लहान मूल होतं आणि स्वदेशात शिव्याशाप चालू होते. होयला हो म्हटलं असतं तर किती सोपं झालं असतं! तिनं म्हटलं नाही.

रमाबाई स्वतः नंतर मागे वळून पाहतात तेव्हा या वर्षांना कमी लेखतात. नुसता बुद्धीचा विश्वास, असं म्हणतात. इथे मी त्यांच्याशी वाद घालणार आहे, त्यांनाही वादाची सवय होती. मला ती वर्षं रिकामी वाटत नाहीत. समाधान त्या वर्षांत नव्हतं हे त्यांचं म्हणणं खरं असेल, नव्हे, तेच खरं जाणतात. पण प्रामाणिकपणा होता. आणि माझं आजचं सगळं म्हणणं एवढंच आहे की प्रामाणिकपणा आधी येतो, समाधान मागून, कधी कधी फार मागून. ज्यानं समाधानाचं सोंग आधीच आणलं, त्याच्याकडे खरं समाधान यायला जागाच उरत नाही. रमाबाईंनी ती जागा आठ वर्षं रिकामी ठेवली. भिंतीवर खिळा असावा आणि तसबीर नसावी, तशी.

मग काय झालं? झालं ते अगदी साधं. १८९१ च्या आसपास विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्लिश पाळकाचं आत्मवृत्त त्यांच्या हाती आलं. हॅस्लमची कथा विलक्षण आहे. तो रीतसर दीक्षा घेतलेला पाळक. कॉर्नवॉलमधल्या बाल्धू गावी त्यानं चर्च उभारलं, उपासना चालवल्या, बाप्तिस्मे दिले. आणि १८५१ मध्ये एका रविवारी व्यासपीठावर उपदेश करता करता त्याच्याच लक्षात आलं की आपण जे सांगतो आहोत ते आपल्याला स्वतःला कधी लाभलेलंच नाही. त्याच्या उपदेशानं त्या दिवशी पहिला पालटला तो तोच. समोरची मंडळी आनंदानं ओरडू लागली. रमाबाईंना या पाळकात आपलं रूप दिसलं असणार. त्याही तोवर दुसऱ्यांना वाट दाखवीतच आल्या होत्या.

त्या सांगतात की आपण पापी आहोत आणि आपल्याला नुसता ख्रिस्ताचा धर्म पुरणार नाही, ख्रिस्तच हवा, हे तेव्हा कळलं. हे शब्द आपण चर्चमध्ये इतके ऐकतो की कानांना घट्टे पडले आहेत. पण त्या दुष्काळातल्या मुलीच्या तोंडी ते घालून पाहा. व्रतं केली, तीर्थं केली, देवांना सगळं दिलं आणि तरी आईबाप उपाशी मेले. मग ख्रिस्ती झाली, आणि पुन्हा करणंच करणं: पुस्तक, व्याख्यानं, वर्गणी, सदन. देवाला पुरं पडेल असं काही तरी करून दाखवायचा तो जुना हिशेब चालूच होता, फक्त वही बदलली होती. १८९१ मध्ये तो हिशेब मिटला. आपल्याकडून काहीही यायच्या आधीच द्यायचं ते देऊन झालेलं आहे, हे त्यांना पटलं. या खेपेला बुद्धीच्याही खाली कुठे तरी पटलं. कृपा म्हणतात ती हीच, आणि समाधान हे तिच्या मागून येतं.

याचा पुरावा काय, असं गुरुजींनी विचारलं असतं. पुरावा म्हणून मी भावना देणार नाही. भावना कुणालाच तपासता येत नाहीत. पुढची वर्षं पाहा.

१८९३ मध्ये पुण्यात वादळ उठलं. शारदा सदनात धर्माच्या बाबतीत कुणावर सक्ती नाही, असं धोरण होतं. पण रमाबाई मनोरमेला घेऊन प्रार्थना करीत तेव्हा आपल्या खोलीचं दार उघडं ठेवीत, आणि मुली आपण होऊन येऊन बसत. ‘केसरी’नं झोड उठवली. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. दार बंद करून प्रार्थना केली असती तर सगळं टळलं असतं. माझ्याच घरात माझ्या देवाशी बोलताना मी दार का लावू, असा त्यांचा रोख होता. ज्यांनी मुली नेल्या त्यांच्या बाजूनंही विचार करावा. त्यांना फसवल्यासारखं वाटलं, आणि विधवा मुलगी घराबाहेर धाडणंच त्या काळी केवढं धाडस होतं. रमाबाईंच्या बाप्तिस्म्यावरून गदारोळ चालू होता तेव्हा जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली होती. १८९३ मध्ये फुले हयात नव्हते. एकाकी पडूनही रमाबाई कडवट झाल्या नाहीत. दहा वर्षांपूर्वीच्या पत्रांतली धार आता त्यांच्या लिहिण्यात तेवढी दिसत नाही. त्यांची मतं होती तीच होती, पण आता त्यांना कुणापुढे स्वतःला सिद्ध करायचं राहिलं नव्हतं.

आणि मग १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात पोरक्या मुली रस्त्यांवर मरत होत्या आणि दलाल त्यांना पळवत होते. रमाबाई तिकडे गेल्या आणि मुलींना घेऊन आल्या. केडगावला जमीन होती तिथे झोपड्या उभ्या राहिल्या, त्यातूनच मुक्ती सदन झालं. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथली संख्या सुमारे दोन हजारांपर्यंत गेली. शेती, हातमाग, तेलघाणी, छापखाना, अंध मुलींची शाळा. आणि कृपा सदन, समाजानं टाकलेल्या बायकांसाठी. फुलहॅमला पाहिलेलं ते घर पंधरासोळा वर्षांनी दौंडजवळच्या माळावर उभं राहिलं. उपाशी मेलेल्या आईबापांची मुलगी आता दुष्काळाशी दोन हात करीत होती, आणि या वेळी देवाला खूष करायला नव्हे. तो खूष आहे हे तिला ठाऊक होतं.

इथे आपल्याबद्दल थोडं बोलतो. आपल्या नगर जिल्ह्यातली कितीतरी ख्रिस्ती घरं अशाच दुष्काळांच्या आगेमागे मंडळीत आली. बहुतेक महार आणि मांग वस्त्यांतून. ‘पोटासाठी बाटलेले’ हा शब्द आपल्या आज्या-पणज्यांनी ऐकला, आपणही शाळेत ऐकला. मला या शब्दाची लाज कधी वाटली नाही. भुकेनं देवाच्या दाराशी आलेल्या माणसाचा विश्वास खोटा आणि भरल्या पोटी पुस्तकं वाचून आलेल्याचा खरा, हे कुणी ठरवलं? सुरुवात कशानं झाली याला महत्त्व नाही. माझी पणजी धान्यासाठी आली असेल. धान्य आल्यावरही ती का थांबली, हे विचारा. आणि विद्वत्तेच्या वाटेनं आलेल्या रमाबाईंनाही आठ वर्षं लागली, हे त्या हिणवणाऱ्याला सांगा.

समाधानाची वाट प्रत्येकाची सारखी नसते; रेव्हरंड नारायण वामन टिळकांची जरा निराळी. त्यांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थानं नवा करार दिला, डोंगरावरच्या प्रवचनानं ते भारले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईला त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण तुकोबांच्या वाटेनं ख्रिस्तापाशी आलो, असं ते मानत. त्यांचा भक्तिभाव पहिल्यापासून उसळता. रमाबाईंसारखा आठ वर्षांचा कोरडेपणा त्यांच्यात दिसत नाही. पण समाधानी माणूस एका जागी बसतो, ही समजूत त्यांनीही खोटी पाडली. नगरला शिकवलं, उपासनेची शेकडो पदं रचली, ‘ज्ञानोदय’ चालवला, आणि १९१७ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्ताचे शिष्य एकत्र बसतील अशी ती जागा. मिशनच्या चौकटीत त्यांचा श्वास कोंडत होता. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, ते गेले आणि दरबार पुढे टिकला नाही. तो फसला म्हणायचं का? माणसं जमवण्यात फसला असेल. मला मात्र त्यांच्या सगळ्या कवितांइतकाच तो महत्त्वाचा वाटतो.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं तर आणखी वेगळं. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या, परत आल्या तरी सोवळं आणि निराळी चूल सोडली नाही. जाती देवानं केल्या की माणसांनी, हा प्रश्न त्यांचा त्यांनाच पडला आणि त्याचं उत्तरही त्यांनीच दिलं; टिळकांनी रेटा लावला नाही. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो १९०० मध्ये. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हसून पोट दुखतं, आणि त्या हसण्यातच त्यांचा विश्वास आहे. फारशी शाळा न शिकलेल्या या बाईनं नवऱ्याचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुढे नेलं, चौसष्ट अध्याय रचले. आपल्याकडे गंभीर चेहऱ्याला भक्ती समजण्याची खोड आहे. लक्ष्मीबाई वाचल्या तर ती जाईल.

एक गोष्ट टाळून पुढे गेलो तर ते बरं दिसणार नाही. १९०५ च्या जूनमध्ये मुक्ती सदनात मोठी जागृती झाली. वेल्समधल्या जागृतीच्या बातम्या आल्या होत्या, मुली गटागटानं प्रार्थना करीत होत्या. आणि मग शेकडो मुली एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, पापं कबूल करू लागल्या. टीका झाली. हिंदी लोकांना त्यांच्या पद्धतीनं देवाला हाक मारू द्या, असं म्हणून रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली. आजच्या आपल्या मोठमोठ्या मेळाव्यांत या घटनेचा दाखला सारखा दिला जातो. जितका आवाज मोठा तितका आत्मा जास्त, असा हिशेब मांडणारे वक्ते मी ऐकले आहेत. त्यांना मी एवढंच सांगेन की गोष्ट अर्ध्यावर सोडू नका. त्याच सुमारास ती चाळिशी उलटलेली, कानांनी अधू होत चाललेली बाई हिब्रू आणि ग्रीकची व्याकरणं घेऊन बसली. खेड्यातल्या बाईला वाचून कळेल असं मराठी बायबल तिला करायचं होतं, आणि ते मुळावरून करायचं होतं. हे काम पंधरा वर्षांहून जास्त चाललं. मुक्तीतल्याच मुलींनी खिळे जुळवले, मुक्तीच्याच छापखान्यात ते छापलं. १९२१ मध्ये मनोरमा वारली. एकुलती एक लेक, सगळ्या कामाचा उजवा हात. रमाबाई तरीही मुद्रितं तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचं देहावसान झालं. ते संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं.

जागृतीतल्या त्या प्रार्थनेला मी कमी लेखत नाही. पण त्यांच्या समाधानाचं मोजमाप मला मुद्रितांत जास्त दिसतं. लेकीच्या मरणानंतर कानामात्रा तपासत बसायला आतून काहीतरी पक्कं असावं लागतं.

आता मागणं. आपल्या मंडळ्यांत साक्षीच्या सभा होतात. बहुतेक साक्षी एकाच साच्यातल्या असतात: पूर्वी मी असा होतो, मग प्रभू भेटला, आता सगळं छान आहे. त्या खोट्या असतात असं मी म्हणत नाही. पण आपल्या बाकांवर आठ वर्षांतली माणसंही बसलेली आहेत. कॉलेजात जाणारी मुलं आहेत, नोकरी सुटलेले बाप आहेत, मूल गमावलेली आई आहे. ती दर रविवारी येतात, गीतं म्हणतात, प्रभुभोजन घेतात, आणि मनात म्हणतात, सगळ्यांना मिळालंय, मलाच तेवढं मिळालं नाही. त्यांना गप्प बसायला आपणच शिकवलं आहे. काही जण मग एक दिवस येईनासे होतात, आणि आपण त्यांचं नाव वहीत तसंच ठेवतो.

पाळकसाहेब, वडील मंडळी, माझी तुम्हाला विनंती आहे. वर्षातून एखादी साक्षीची सभा अशी भरवा, जिच्यात ज्याला अजून समाधान मिळालेलं नाही त्यानं उभं राहून तसं सांगावं. त्याला वचनं सांगून गप्प करू नका. सभेनंतर घरी बोलावून प्रार्थना करायला जाऊ नका, त्यानंच बोलावलं तर जा. आणि त्या सभेच्या आधी ‘माझी साक्ष’ची एक एक प्रत घरोघर जाईल असं पाहा, एका संध्याकाळी वाचून होतं. पुढच्या रविवारी तो माणूस पुन्हा आला, तर त्याची नेहमीची जागा त्याला मिळू द्या.